तुलुमला जाताय? आधी घाई घरी ठेवा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा.

दिवाळी संपली की माझ्या इनबॉक्समध्ये एक प्रश्न हमखास येतो. कुणाचा मुलगा डॅलसला असतो, कुणाची मुलगी न्यू जर्सीला. आईवडील तिकडे गेलेले असतात आणि थँक्सगिव्हिंग किंवा ख्रिसमसच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून मेक्सिकोतल्या कानकूनला जायचं ठरतं. मग मला मेसेज येतो, "तुम्ही तिकडे जाऊन आलात ना? ते समुद्रावरचं माया लोकांचं देऊळ अर्ध्या दिवसात होतं का?"

होतं, अगदी आरामात होतं. सकाळी रिसॉर्टच्या दारात बस येते आणि दीड-दोन तासांत तुलुमला सोडते. पाऊण तास फिरायचं, कड्यावर उभं राहून मागे निळा समुद्र येईल असा फोटो काढायचा, पुढे एका सेनोटेत डुबकी मारायची, बुफे जेवायचा आणि संध्याकाळी परत. त्याच तिकिटात कोबा नावाचं दुसरं प्राचीन शहरही उरकून देणाऱ्या सहली आहेत.

पण माझं मत विचाराल तर असं जाऊ नका. नीट जाणार नसाल तर सरळ रिसॉर्टच्या पुळणीवर आडवे व्हा, त्यात काही वाईट नाही. तुलुमला जायचं तर त्याला दिवस द्या. हा नुसता प्रवासाचा सल्ला नाही, म्हणून तर एवढं लिहितोय. गेल्या पन्नास वर्षांत त्या किनाऱ्याचं जे काही झालंय ते घाईने झालंय. सरकारला घाई, बिल्डरला घाई आणि पर्यटकालाही घाई. पहिल्या दोघांवर आपला काही जोर चालत नाही, तिसरी मात्र पूर्ण आपल्या हातात आहे.

आधी तिथे आहे काय ते सांगतो, म्हणजे कशासाठी थांबायचं ते कळेल.

मेक्सिकोच्या पूर्वेला युकातान नावाचा द्वीपकल्प आहे. त्याच्या कॅरिबियन समुद्राकडच्या काठावर, साधारण बारा मीटर उंच कड्यावर तुलुम वसलंय. राज्याचं नाव किंताना रो. तिथे सापडलेल्या एका कोरीव शिळेवर इसवी सन ५६४ ची तारीख आहे, पण ती शिळा बहुधा दुसरीकडून आणलेली असावी. शहराचा भरभराटीचा काळ तेरावं ते पंधरावं शतक. म्हणजे माया संस्कृतीतला हा उशिराचा अध्याय. तिकाल, पालेंके अशी जंगलातली थोरली शहरं तोवर ओस पडून काही शतकं लोटली होती.

त्यामुळे पिरॅमिडची अपेक्षा ठेवून जाणारा इथे हमखास हिरमुसतो. तुलुमच्या इमारती ठेंगण्या आहेत. काही देवळांचे दरवाजे इतके बुटके, की आपल्याला वाकून आत जावं लागेल. भिंती थोड्या तिरक्या. कारण हे राजेरजवाड्यांनी दिपवून टाकायला उभारलेलं शहर नव्हतं, हे बंदर होतं. मीठ, मध, कापूस, कोको, पक्ष्यांची पिसं आणि आजच्या ग्वाटेमालाच्या डोंगरांतून येणारी काळी ज्वालाकाच, म्हणजे ऑब्सिडियन. हा सगळा माल लाकडी होड्यांतून किनाऱ्याकिनाऱ्याने यायचा-जायचा. १५०२ साली चौथ्या सफरीत कोलंबसाला होंडुरासजवळ माया व्यापाऱ्यांची अशीच एक मालाने भरलेली मोठी होडी भेटली होती.

शहराला तीन बाजूंनी तटबंदी आणि चौथ्या बाजूला समुद्र. तटाला पाच अरुंद दरवाजे. ‘तुलुम’ या शब्दाचा माया भाषेतला अर्थच मुळी तट किंवा कुंपण. मूळ नाव बहुधा ‘समा’ असावं आणि त्याचा संबंध पहाटेशी जोडतात. शहराचं तोंड थेट उगवतीकडे आहे, तेव्हा नाव शोभतंच. कड्यावरच्या सर्वांत मोठ्या इमारतीला स्पॅनिश लोकांनी ‘एल कास्तियो’, म्हणजे किल्ला म्हटलं. प्रत्यक्षात ते देऊळ. आता गंमत बघा. या किनाऱ्यासमोर प्रवाळाची लांबच लांब भिंत आहे. होडी तिच्यावर आपटली तर संपलंच. पण एल कास्तियोच्या बरोबर समोर त्या भिंतीला एक खिंड आहे. काही अभ्यासकांचं म्हणणं असं, की देवळाच्या समुद्राकडच्या झरोक्यांत दिवे लावून होड्यांना ती खिंड दाखवत असावेत. हे पटो न पटो, बंदरासाठी जागा निवडणाऱ्याला समुद्र कळत होता एवढं नक्की.

आणखी एक गोष्ट. तिथल्या देवळांवर डोकं खाली, पाय वर अशी एक मूर्ती पुन्हा पुन्हा दिसते. तिला ‘उतरता देव’ म्हणतात. कुणी तिचा संबंध मावळत्या सूर्याशी लावतं, कुणी शुक्राशी, तर कुणी म्हणतं हा मधमाश्यांचा देव. युकातानात नांगी नसलेल्या मधमाश्या पाळायची परंपरा फार जुनी आहे आणि मध हा तिथला निर्यातीचा माल होता, त्यामुळे मला तिसरा तर्क आवडतो. पण हे सगळं पाऊण तासात कळत नाही. पाऊण तासात फक्त कळतं, की ऊन फार आहे.

आता ज्याची मला खरी चीड येते त्याकडे येतो.

‘माया लोक एके दिवशी अचानक गायब झाले’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेलं असणारच. २०१२ साली आपल्या टीव्ही चॅनेलांनी त्यांच्या कॅलेंडरच्या नावाने जगबुडीची तारीख काढून आठवडेच्या आठवडे धंदा केला, तेव्हाही हेच पालुपद होतं. साफ खोटं आहे. शहरं ओस पडली, राजघराणी बुडाली, लोक कुठेही गेले नाहीत. मेक्सिको, ग्वाटेमाला आणि बेलीझमध्ये ते आजही लाखोंच्या संख्येने राहतात. २०२० च्या जनगणनेत एकट्या मेक्सिकोत युकातेक माया भाषा बोलणारे पावणेआठ लाखांच्या आसपास निघाले. रिसॉर्टमध्ये तुमच्या खोलीतली चादर बदलणारी बाई, किचनमध्ये भांडी घासणारा पोरगा, बांधकामावरचा गवंडी, यांतले कितीतरी जण माया आहेत. आपण बस करून ज्यांचे ‘अवशेष’ बघायला जातो, त्यांचेच वारस सकाळी आपल्याला कॉफी देतात, आणि आपल्याला ते कळतही नाही.

हरवलं काय असेल, तर पुस्तकं. १५६२ साली मानी गावात दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन पाद्र्याने माया लोकांच्या पोथ्या सैतानाचं काम म्हणून जाळल्या. आज साऱ्या जगात मिळून त्यांच्या चारच पोथ्या शिल्लक आहेत. त्यांतल्या द्रेस्देनला असलेल्या पोथीत शुक्राच्या उदयास्ताची कोष्टकं आहेत. आपल्याला शून्याचा अभिमान आहे, असायलाच हवा. पण अटलांटिकपलीकडे या लोकांनीही स्वतंत्रपणे शून्य वापरलं होतं, हे आपल्या किती पोरांना ठाऊक आहे? त्यांची मोजणी दहाच्या नव्हे, विसाच्या पटीत चालायची.

तुलुमची गोष्टही स्पॅनिश आल्यावर संपत नाही, आणि गाईडचं भाषण नेमकं तिथेच आवरतं. १८४२ साली स्टीफन्स आणि कॅथरवूड हे दोघे प्रवासी इथे आले, तेव्हा सगळं रानात बुडालेलं होतं. पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक निघालं आणि कॅथरवूडच्या चित्रांमुळे तुलुम पाश्चात्त्य जगाला ठाऊक झालं. आणि १८४७ मध्ये याच मुलखातले माया शेतकरी जमीनदारांविरुद्ध आणि सरकारविरुद्ध उठले. इतिहासात याला जातींचं युद्ध म्हणतात. ते पन्नासहून जास्त वर्षं चाललं. या लोकांनी जंगलात स्वतःचं राज्य चालवलं. त्यांची राजधानी चान सांता क्रूस आणि त्यांचं दैवत ‘बोलणारा क्रूस’. तुलुमच्या जुन्या देवळांतही असा क्रूस स्थापला होता, आणि १८७० च्या सुमारास त्याची धुरा मारिया उईकाब नावाच्या एका माया स्त्रीकडे होती. १९०१ मध्ये मेक्सिकोच्या फौजेने राजधानी घेतली आणि पुढच्याच वर्षी हा मुलूख वेगळा काढून थेट केंद्राच्या ताब्यात ठेवला. म्हणजे ज्या दगडांना आपण हजार वर्षांपूर्वीचे मेलेले दगड समजतो, तिथे आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या काळात पूजा आणि बंड दोन्ही चालू होती.

आणि परका मुलूख म्हणून फार दूरही समजू नका. आपल्या डहाणू-घोलवडचा चिकू मूळचा त्याच जंगलातला, नावही तिकडचंच. त्या झाडाच्या चिकापासून पूर्वी च्युइंगगम बनायचं, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात या भागातल्या माया कुटुंबांना रोख पैसा मिळायचा तो हा चीक काढून. त्याच झाडाचं लाकूड इतकं टणक, की तिकालच्या देवळांत हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या चिकूच्या तुळया सापडल्यात.

हे झालं जुनं. आता घाईकडे वळू.

१९७० च्या आसपास मेक्सिको सरकारने एका जवळपास निर्मनुष्य वाळूच्या पट्टीवर नियोजन करून कानकून वसवलं. १९७४ मध्ये किंताना रो राज्य झालं. पुढच्या तीस वर्षांत हॉटेलांची रांग किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत तुलुमपर्यंत पोचली. २००८ मध्ये तुलुम स्वतंत्र नगरपालिका झाली. २०१० मध्ये या पालिकेची लोकसंख्या २८ हजारांच्या आसपास होती, २०२० मध्ये ती ४६ हजारांच्या वर गेली. डिसेंबर २०२३ मध्ये नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला, आणि त्याच महिन्यात ‘त्रेन माया’ या दीड हजार किलोमीटरहून लांब रेल्वेचा पहिला टप्पा.

एवढी वाढ जिथे झाली तिथली जमीन कशी आहे ते समजून घ्या, कारण सगळी मेख तिथे आहे. युकातानचा हा भाग म्हणजे चुनखडीचा सच्छिद्र कातळ. जमिनीवर नदी म्हणून नाही. पाऊस पडतो तो झिरपतो आणि सगळं पाणी खाली गुहांतून वाहतं. छत कोसळून जिथे ते पाणी उघडं पडतं, तो सेनोटे. माया लोकांना सेनोटे म्हणजे पाताळाचं दार, पवित्र जागा. त्यांची गावं या पाण्याच्या आधारानेच वसली. तुलुमजवळच्या साक आक्तून आणि दोस ओखोस या दोन बुडालेल्या गुहा आतून जोडलेल्या आहेत, असं २०१८ मध्ये पाणबुड्यांनी दाखवून दिलं. त्या वेळी त्यांची मोजलेली लांबी ३४७ किलोमीटर भरली. याच गुहांच्या जाळ्यात २००७ साली एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा सापडला. वय बारा हजार वर्षांहून जास्त.

प्यायचं पाणी तेच, सांडपाणी जातंही तिथेच. वर मोरी फुटली की खाली विहीर बिघडते, आणि तेच पाणी पुढे समुद्रात प्रवाळापर्यंत पोचतं. समुद्रकाठच्या हॉटेलांची वाढ पुढे धावली, सांडपाण्याची सोय मागे धापा टाकत राहिली. ‘इको’ नावाची पाटी लावलेली आणि मागे जनरेटर घुरघुरणारी हॉटेलं ही तुलुमची जुनी ओळख.

रेल्वेचं प्रकरण तर अख्खी कादंबरी आहे. प्रकल्प गरीब दक्षिणेला पुढे आणण्यासाठी, आणि हा मुद्दा पोकळ नाही. डिसेंबर २०१९ मध्ये सार्वमत घेतलं. नव्वद टक्क्यांहून जास्त मतं बाजूने पडली, पण मतदान तीन टक्क्यांच्याही आत. ही प्रक्रिया आंतरराष्ट्रीय निकषांत बसत नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने सांगितलं. कानकून ते तुलुम हा टप्पा आधी हमरस्त्यालगत जाणार होता. हॉटेलवाल्यांची कुरकुर झाली आणि २०२२ च्या सुरुवातीला तो जंगलात सरकवला, नेमका त्या गुहांच्या डोक्यावर. कोर्टाने स्थगिती दिली. सरकारने काम राष्ट्रीय सुरक्षेचं ठरवून पुढे रेटलं. ‘एक झाड तोडणार नाही’ असं आश्वासन देऊन सुरू झालेल्या कामात लाखो झाडं गेली, आणि गुहांची छतं भेदून हजारो पोलादी खांब खाली उतरले. हे सगळं बांधलं आणि आता चालवतंय कोण? लष्कर.

यातला उपरोध बघा. मे २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांनी त्या जुन्या चान सांता क्रूसमध्येच, ज्याचं आजचं नाव फेलिपे कारियो पुएर्तो, माया लोकांवर झालेल्या अन्यायाबद्दल राष्ट्राच्या वतीने जाहीर माफी मागितली. तसं करणारा धीट माणूस. आणि त्याच माणसाला त्याच लोकांना नीट विचारायला सवड नव्हती, कारण मुदत संपायच्या आत गाडी धावायला हवी होती.

तुलुमच्या अवशेषांभोवती २०२२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. नाव जग्वारचं. कल्पना चांगली, तिथे नवी हॉटेलं उभी राहू नयेत म्हणून. पण मग दारं आली, तिकिटं आली आणि पुळणीवर जायची नेहमीची वाट या दारांतून जायला लागली. मेक्सिकोत समुद्रकिनारा कायद्याने सार्वजनिक आहे, वाट अडवणाऱ्याला दंड करायची तरतूद २०२० मध्ये केलीय. तरी तुलुमच्या रहिवाशांना २०२५ मध्ये आपल्याच समुद्रावर जाण्यासाठी रस्त्यावर यावं लागलं. मासेमाराच्या नातवाने लहानपणापासून फुकट बघितलेला समुद्र बघायला तिकीट काढावं, यापेक्षा मोठा विनोद कुठला?

काही मित्र म्हणतील, "मग जाऊच नये का? बहिष्कार घालावा?" नाही. मी त्या मताचा नाही. पर्यटन बंद झालं तर सगळ्यांत आधी उपाशी राहील ती चादर बदलणारी बाई, हॉटेलचा मालक नव्हे. कोविडच्या वर्षी ते दिसलं. रेल्वेबद्दलही माझं मत तिथल्या आंदोलकांना पूर्ण पटेल असं नाही. रूळ पडलेत, जंगल परत येणार नाही. त्या गाडीत बसण्याने पाप लागतं असं मी मानत नाही. त्याच जंगलातून कोबा ते याश्उना असा सुमारे १०० किलोमीटरचा पांढरा उंच रस्ता माया लोकांनी हजार वर्षांपूर्वी बांधला होताच. रस्ता वाईट नसतो. कुणाला न विचारता, खाली काय आहे ते न बघता, उद्घाटनाची तारीख आधी ठरवून बांधलेला रस्ता वाईट असतो.

दुसरा आक्षेप, "आम्ही चार जण नीट वागून काय फरक पडणार?" तर तो घाईचा बाजार आपल्यासारख्या चार-चार जणांच्या बुकिंगवरच उभा आहे. पाऊण तासात तुलुम मागणारा पर्यटक आहे, म्हणून पाऊण तासाची बस आहे. त्या बसमधला पैसा गावात उतरतच नाही, तो बसबरोबर कानकूनला परत जातो. गावात रात्र काढणाऱ्याचा पैसा मात्र टपरीवर, गाईडला, होडीवाल्याला मिळतो. यात समाजसेवा वगैरे काही नाही, तुमचीच सहल जास्त चांगली होते.

तर आता मी कसं आखेन ते सांगतो. मुलीकडे टेक्सासला होतो तेव्हा तीन रात्री तुलुम गावात राहिलो होतो, त्यावरून सांगतोय.

व्हिसा. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण पासपोर्टवरचा शिक्का चालू तारखेचा हवा. एच-वन-बी वाल्यांनी नुसत्या मंजुरीच्या कागदावर विसंबून निघू नये. आईवडिलांचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, तेही बघा. निघण्याआधी नियम स्वतः एकदा तपासाच. किंताना रो राज्य परदेशी पाहुण्यांकडून एक छोटा कर घेतं, तो अधिकृत ठिकाणी ऑनलाइन भरता येतो.

महिना. डिसेंबर ते मार्च हवा उत्तम. वादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर. साधारण एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत सारगासम नावाचं तपकिरी शेवाळ किनाऱ्यावर ढिगाने येतं आणि कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास मारतं. २०११ पासून अटलांटिकमध्ये याचं प्रमाण प्रचंड वाढलंय आणि २०२५ मध्ये तर विक्रम झाला. इन्स्टाग्रामवरचा निळा समुद्र बघून मे महिन्याचं तिकीट काढलंत तर मला शिव्या देऊ नका.

मुक्काम. समुद्रकाठच्या महागड्या हॉटेलांत नको, गावात राहा. स्वस्त पडतं आणि अवशेष सायकलच्या टप्प्यात आहेत. कानकून विमानतळावरून थेट बस मिळते. टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं ठरवून घ्या. थोडे पेसो रोख ठेवा.

पहिला दिवस फक्त तुलुमचा. दार सकाळी आठच्या सुमारास उघडतं, तेव्हा तिथे उभे असा. दहानंतर कानकूनच्या बसगाड्या येतात आणि सावली जवळपास नाहीच. रविवारी मेक्सिकन नागरिकांना पुरातत्त्व स्थळी प्रवेश मोफत असतो. तो त्यांचा हक्क आहे, त्यांना तो निवांत उपभोगू द्या, आपण दुसरा वार निवडा. तिकीट एक नाही, उद्यानाचं वेगळं आणि पुरातत्त्व खात्याचं वेगळं असतं. अधिकृत खिडकी दिसेपर्यंत रस्त्यातल्या कुणाच्या हातात पैसे देऊ नका. आत इमारतींवर चढायला बंदी आहे, ती पाळा. आणि स्थानिक परवानाधारक गाईड घ्या. जमलं तर माया बोलणारा. त्याला मारिया उईकाबबद्दल विचारा. माझ्या गाईडला विचारलं तेव्हा गडी पाठ केलेलं भाषण सोडून अर्धा तास आपल्या आजीच्या गोष्टी सांगत बसला.

दुसरा दिवस मुयीलचा. तुलुमपासून वीसेक किलोमीटर दक्षिणेला. जंगलात लहानसं प्राचीन शहर, गर्दी फारच कमी. लागूनच सियान काआनचं राखीव क्षेत्र, १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत. तिथे गावातल्या सहकारी संस्थांच्या होड्या सरोवरातून जुन्या माया कालव्यांत नेतात. पैसे थेट गावाला. तुलुम बंदर होतं म्हणजे काय, ते मला त्या कालव्यात कळलं.

तिसरा दिवस कोबा किंवा फेलिपे कारियो पुएर्तो. कोबाला ४२ मीटर उंचीचा पिरॅमिड आहे. तिथल्या तीनचाकी सायकलीवाल्यांकडे नाही म्हणू नका, बरेचसे शेजारच्या माया गावातले आहेत. आणि इतिहासाची आवड असेल, तर पिरॅमिड सोडून बोलणाऱ्या क्रुसाचं ठाणं बघायला फेलिपे कारियो पुएर्तोला जा. तिथे फोटोसारखं काही नाही. ते अजूनही श्रद्धेचं ठिकाण आहे, आपल्या गावदेवीच्या देवळात जातो तसं जा.

सेनोटेत उतरण्याआधी आंघोळ करा आणि अंगाला सनस्क्रीन चोपडू नका, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. तुम्ही ज्यात पोहताय ते कुणाचं तरी प्यायचं पाणी आहे.

शाकाहारींसाठी एक वाक्य पाठ करा, "सिन मांतेका." म्हणजे डुकराची चरबी नको. तिथल्या घेवड्याच्या उसळीत ती बऱ्याचदा असते. बाकी मक्याची ताजी तोर्तिया, अवोकाडो, पपई आणि हाबानेरो मिरची यांवर मराठी माणूस आनंदाने जगतो. मिरची मात्र जपून, लवंगीची ऐट तिथे चालत नाही.

एवढं वाचून कुणी म्हणेल, तीन दिवस फारच झाले, आम्हाला सुट्टीच पाच दिवसांची. मग दोन द्या. दोन नसतील तर एक रात्र तरी गावात काढा आणि सकाळी आठला त्या तटाच्या दाराशी उभे राहा. पहिल्या बसची धूळ उडायच्या आत दीड-दोन तास मिळतात. तेवढ्या वेळात फोटो काढून झाले की कॅमेरा खिशात टाका आणि प्रवाळभिंतीतली ती खिंड डोळ्यांनी शोधा. फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ एका जागी तुटलेली दिसते. शेकडो मैल वल्हवत आलेले व्यापारी तीच जागा शोधत यायचे.

आणि कुणी "माया लोक गायब झाले" म्हणालं, तर त्याला कॉफी आणून देणाऱ्या माणसाचं नाव विचारायला सांगा.

पटलं तर डिसेंबरचं बुकिंग करणाऱ्यांना पाठवा. पटलं नाही तर भांडायला मी आहेच.